ईनबाईंचा हीटर

जुने शहर, अकोला
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

श्रीमती जमुनाबाई गावंडे यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत आपण विहिणी एकमेकींशी जे बोललो ते 'घ्या ना अजून' आणि 'नको, पुरे' एवढंच. म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

गेल्या हिवाळ्यात माझे गुडघे फार धरले, तेव्हा मैथिली आणि नितेशरावांनी माझ्या झोपायच्या खोलीत भिंतीवर विजेचा हीटर बसवून दिला. अकोल्यात हीटर म्हटल्यावर सगळी गल्ली पाहून गेली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या गावात डिसेंबरच्या पहाटे नऊ-दहा अंशही होतं, हे लोक विसरतात. असो. वर्षभर तो शहाण्यासारखा वागला. बटन बावीसवर ठेवलं की खोली उबदार झाल्यावर आपोआप बंद व्हायचा, गारठली की पुन्हा सुरू.

आता तो थांबायचं विसरला आहे. बटन कितीवरही ठेवा, तापतच राहतो. परवा संध्याकाळी तो लावून मी देवळात गेले. दीड तासाने परतले तर खोलीची भट्टी झालेली. पडद्याची हीटरकडची कड तपकिरी, बाटलीतलं थिजलेलं खोबरेल पाण्यासारखं, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा डिसेंबर पापडासारखा वळलेला. पडदा पेटला नाही ही देवाची कृपा. दाराजवळचं बटन दाबलं तेव्हा कुठे बंद झाला.

ज्याने तो बसवला त्या श्यामला बोलावलं. तो म्हणाला, "आजी, थर्मोस्टॅट गेला. काढून टाकतो अन् डायरेक्ट जोडून देतो. गरम झालं की तुमीच बंद करत जा."

हे मैथिलीला विचारता येत नाही. गेल्या सहा महिन्यांत माझ्याकडून एकदा गॅस सुरू राहिला, एकदा मी कुलपाला किल्ली तशीच लावून बाजारात गेले. तिने बजावलं आहे, "आणखी एक प्रकार झाला, की घर बंद करायचं आणि अमरावतीला आमच्याकडे यायचं." मी तीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं. हे गेल्यापासून सात वर्षं एकटी राहते. मला माझं घर सोडायचं नाही. आणि स्पष्ट लिहिते, मी तिथे यावं असं तुम्हालाही वाटत नसणार.

तुम्ही नांदगाव पेठेच्या कपड्याच्या कारखान्यात बावीस वर्षं इस्त्र्यांची दुरुस्ती पाहत होतात, म्हणून तुम्हाला विचारते. श्याम म्हणतो तसं करावं का? फोन करत नाही, कारण मला फोनवर 'हो' आणि 'नको' सारखंच ऐकू येतं. शिवाय माझा फोन मैथिलीनेच घेऊन दिला आहे आणि तो माझ्यापेक्षा तिचंच ऐकतो.

आपली,
चारुशीला पुराणिक


अमरावती
रविवार, १४ डिसेंबर

ईनबाई, नमस्कार.

पत्र भेटलं. मैथिली बँकेत गेली होती, पोस्टमननं माह्याच हातात देल्लं. पुढचं पत्र मात्र पौर्णिमाच्या पत्त्यावर धाडा. ती माह्यासंगं कारखान्यात होती, अजूनबी तथीच हाये, अन् आमच्या मागच्या गल्लीत राह्यते. पत्ता पाकिटावर लिहिला हाये.

पहिली गोठ. त्या श्यामले हीटरले हात लावू देऊ नोका. डायरेक्ट! आमच्या कारखान्यात एकानं इस्त्री डायरेक्ट केली होती. टेबलाले भोक पडलं, टेबलाखाली सायबाच्या डब्याची पिशवी होती, तिलेबी भोक पडलं. थर्मोस्टॅट म्हंजे हीटरचं डोकं. डोकं बिघडलं म्हणून कोणी डोकं काढून फेकते काय? लहानसा पुर्जा असते, बदलता येते.

त्याच्यात दोन धातूच्या पट्ट्या एकमेकीले चिकटून राह्यतात. एका घरातल्या दोन जावा समजा. गरम झालं की एक जास्त फुगते, एक कमी, मंग दोघी वाकड्या होतात अन् करंट तुटते. थंड झालं की पुन्हा सरळ, पुन्हा करंट. तुमच्यावाल्याची टोकं ठिणगीनं चिकटली असन. जावा वाकड्या व्हायले तयार, पण हात सुटून नाई राहिला.

दुसरी गोठ मांडवातली. लाईट गेली होती, जनरेटर चालू होऊन नाई राहिलं होतं, मी पैठणीचा पदर खोचून फ्यूज लावला. तवा तुमी तुमच्या बहिणीले हळूच म्हणाल्या, "ही नवऱ्या मुलाची आई आहे की वायरमन?" तुमाले कमी ऐकू येते, म्हणून तुमचं हळू बोलनंबी सगळ्या मांडवाले ऐकू जाते. आता वायरमनले पत्र लिहिलं तं लिहिलं. मी राग नाई धरून राहिली. राग असता तं 'करा डायरेक्ट' म्हणलं असतं.

तिसरी गोठ. तुमी अथी यावं असं मले वाटत नाई हे तुमी बरोबर ओळखलं. एका बैलगाडीले दोन धुरकरी चालत नाईत. तवा मैथिलीले कळाच्या आधी हे काम झालं पाह्यजे.

हीटर बंद ठेवा. झाकण खोलू नोका. त्याच्या खालच्या अंगाले चिठ्ठी चिकटवली असन, तिच्यावरचं कंपनीचं नाव, नंबर अन् किती वॅटचा हाये ते लिहून धाडा.

तुमची ईन,
जमुना


अकोला
बुधवार, १७ डिसेंबर

प्रिय जमुनाबाई,
सप्रेम नमस्कार.

मांडवातलं ते वाक्य मी बोलले होते. चार वर्षं मला वाटत होतं की मी फार हळू बोलले. बहिणीनेही तसंच सांगितलं होतं. आता तिच्याशी बोलावं लागेल. तुमची क्षमा मागते.

चिठ्ठीवरचं सगळं वेगळ्या कागदावर उतरवून सोबत जोडलं आहे. दोन हजार वॅट. वाचायला भिंग घेऊन जमिनीवर आडवं व्हावं लागलं, आणि उठायला शेजारच्या पियुषला हाक मारावी लागली. तो खाली पिठाची गिरणी चालवतो. त्याने विचारलं, "काकू, हीटरच्या पाया पडल्या काय?"

जावांचं उदाहरण वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. आमच्या शाळेत विज्ञान कोणी असं शिकवलं असतं तर मी मराठीकडे वळलेच नसते. आणखी एक सांगते. मी आयुष्यभर वह्या तपासल्या, पण तुमच्यासारखं अक्षर क्वचित पाहिलं. काना-मात्रा कुठे वर-खाली नाही. तुमच्यात हा गुण आहे हे मला माहीत नव्हतं.

श्यामला मी 'नको' म्हटलं. तो रुसला. आता माझी विनंती अशी, की तुम्हीच एक दिवस या. अमरावतीहून एसटीने अडीच तास लागतात. सकाळी निघा, इथे जेवा, तुमच्या हातांनी तो पुर्जा बसवा, संध्याकाळी परत जा. मी दोन स्वेटर घालून झोपते आहे आणि सकाळी गुडघे दाराच्या बिजागरीसारखे वाजतात. मला ऐकू येत नाही, पण जाणवतं.

वाट पाहते.
चारुशीला


अमरावती
रविवार, २१ डिसेंबर

ईनबाई, नमस्कार.

येनं जमत नाई. घरी तुरीच्या शेंगा येऊन पडल्या हायेत, सोलनं हाये.

पुर्जा भेटला. आमच्या कारखान्याले सामान पुरवनारा माणूस हाये, त्याच्याकडून पौर्णिमानं बरोबर सोळा अँपिअरचा आनला. पोस्टानं धाडत नाई, फुटला-बिटला तं. मैथिली गुरुवारी सुट्टीची तुमच्याकडे येऊन राहिली, तिच्याच हातानं धाडते. मुगाच्या लाडवाचा डबा देईन. लाडवाचे तीन थर हायेत. वरचे दोन तिले खाऊ द्या. तिसऱ्याले हात लावू देऊ नोका, त्याच्याखाली प्लास्टिकमंधी गुंडाळून ठेवला हाये.

लाडू विकतचे हायेत, चवीचं काही म्हणू नोका.

ती हीटर लाव म्हणीन. काय सांगाचं ते तुमी पाहा. तुमी मास्तरीन हाये, बहाने लय ऐकले असन.

जमुना


अकोला
शुक्रवार, २६ डिसेंबर

जमुनाबाई, नमस्कार.

पुर्जा पोचला. कसा पोचला ते ऐका.

मैथिली आली ती डबा उघडूनच. "आई, सासूबाईंनी तुला लाडू पाठवलेत! तुमचं कधीपासून असं सुरू झालं?" मी म्हटलं, वयानुसार होतं. ती बोलता बोलता लाडू खात होती. लहानपणापासून तिची ही सवय. दुसरा थर संपला तरी तिचं तुमच्या फ्रिजबद्दलचं बोलणं संपेना. तिने तिसऱ्या थराला हात घातला आणि मी डबा ओढून घेतला. पोटच्या मुलीच्या हातातून! "आई, तू मला लाडू मोजून देतेस?"

मग ती खोलीत आली. हीटरवर मी आधीच ओली चादर वाळत घातली होती. "इथे तर फ्रिजसारखं आहे. हीटर लाव ना." मी म्हटलं, मला उकडतंय. तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग थर्मामीटर लावला. मग म्हणाली, "या गारठ्यात उकडणं बरं नाही, रक्त तपासू." माझं काही न ऐकता ती मला घेऊन गेली. हीटर वाचवता वाचवता मी रक्त देऊन आले. अहवाल अगदी स्वच्छ आहे.

इथपर्यंत हसण्यासारखं. आता जे लिहिते ते हसण्यासारखं नाही.

मी तिला सहज विचारलं, तुरीच्या शेंगा सोलून झाल्या का? ती म्हणाली, यंदा घरी शेंगा आणल्याच नाहीत. म्हणजे तुम्हाला माझ्याकडे यायचंच नव्हतं. तसं सरळ लिहायचं होतं.

आणि दुसरं. निघताना ती रडवेली झाली. म्हणाली, "दिवाळीपासून सासूबाईंनी भाकरी थापणं सोडलंय. चहाचा कपसुद्धा माझ्यासमोर घेत नाहीत, आपल्या खोलीत नेतात. काही विचारलं की म्हणतात, तूच कर, तुलेच चांगलं जमते. माझं काय चुकलं कळत नाही."

माझी मुलगी थोडी बडबडी आहे, पण मनाने वाईट नाही. तुमचा राग माझ्यावर असेल तर तो माझ्यावर काढा. मी क्षमा मागितली आहे, पुन्हा मागते. पण तिच्याशी असं रुसून वागू नका.

पुर्जा कपाटात ठेवला आहे. काय करायचं ते कळवा, नाहीतर मी श्यामला बोलावते.

चारुशीला


अमरावती
रविवार, २८ डिसेंबर

ईनबाई,

तुमच्या पोरीवर माहा काही राग नाई. भाकरीचं पुन्हा विचारू नोका, अन् येन्याचंबी विचारू नोका.

श्यामले बोलावू नोका. तुमीच करा. भेवू नोका, फक्त मी सांगते त्याच वळीनं करा.

दिवसाउजेडी करा. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून पाहा, जयते का, म्हंजे त्यातला लाल दिवा लागते का. मंग दाराजवळचं बटन बंद करा, पण तेवढ्यानं भागत नाई. काही जन बटनाची वायर उलटी जोडतात, मंग बटन बंद असूनबी आत करंट राह्यते. म्हणून जिन्याखालचा मेन पाडा. झाकण खोला अन् कशालेबी बोट लावाच्या आधी टेस्टर लावा. टेस्टर जयला तं हात मागे. हे दोनदा वाचा.

थर्मोस्टॅटचं गोल बटन बाहेर ओढलं की निघते. त्याच्यामागे दोन स्क्रू हायेत. मागच्या अंगाले दोन वायरी खोचल्या असन. कोनती कुठं हाये त्याचं आधी चित्र काढा. वायर ओढू नोका, टोकाची पितळेची चिमटी धरून काढा. नवीन पुर्ज्याले तशाच बसवा, गच्च. ढिली राह्यली तं तीच जागा जयते.

बसवाच्या आधी पुर्जा हातात घेऊन त्याची दांडी हळूहळू फिरवा. टक वाजन. जुन्यात वाजनार नाई. टक म्हंजे जावांनी हात सोडला.

जमुना

काकू, मी पौर्णिमा. वरचं पत्र मावशीनं सांगितलं ते लिहिलं. आता त्या देवघरात गेल्या आहेत तोवर हे माझ्या मनानं लिहून राहिली आहे. आतापर्यंतचे सगळे पत्र माझ्याच अक्षरात आहेत. मावशीच्या उजव्या हाताले दिवाळीपासून कंप सुटला आहे. पेन धरल्या जात नाही, स्क्रूड्रायव्हर धरल्या जात नाही. भाकरी थापाले गेल्या की फाटते. कप नेताना चहा सांडते म्हणून खोलीत एकट्या पितात. घरी कोणाले सांगितलं नाही. तुमच्याकडे काहून येत नाहीत ते आता समजलं असन. लोकायसमोर स्क्रू हातातून पडला तं त्या मरून जातीन. पण तुमचं पत्र आलं की माझ्याकडून तीनदा वाचून घेतात. कारखाना सुटल्यापासून त्यायले कोणी काही विचारलंच नव्हतं. हे वाचून फाडून टाका.


अकोला
गुरुवार, १ जानेवारी २०२६

प्रिय जमुनाबाई,

झालं! आज सकाळी दहा वाजता सुरुवात केली. दहा मिनिटांचं काम आहे असं तुम्हाला वाटत असेल, मला दोन तास लागले. पण सगळं सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

टेस्टर जळतो का पाहिलं. जळला. दाराजवळचं बटन बंद केलं. जिन्याखाली जाऊन मेन पाडला. वर आले, झाकणाचे चार स्क्रू काढले. आत इतकी धूळ, की शाळेच्या फळ्यामागची आठवली. मला वाटलं, सगळं तर बंद केलंय, आता टेस्टर कशाला? हात पुढे गेलाच होता. मग तुमचं 'हे दोनदा वाचा' आठवलं. मी शिक्षिका आहे, दोनदा वाचा म्हटलं की वाचते. टेस्टर लावला.

जळला हो, जमुनाबाई. लालभडक जळला.

टेस्टर हातातून सुटला आणि मी पलंगावर बसले. तेवढ्यात दारात पियुष उभा, डोक्यापासून पायापर्यंत पीठ. तो काय ओरडत होता ते मला त्याच्या तोंडावरून वाचावं लागलं. "काकू, गिरणी बंद पडली! लोकायची ज्वारी अर्धी दळून अडकली!" मी जिन्याखाली त्याचाच मेन पाडला होता. तिथे तीन आहेत आणि एकावरही नाव नाही.

म्हणजे माझा मेन सुरू होता. आणि बटन बंद असूनही आत करंट होता, अगदी तुम्ही लिहिलं तसा. श्यामने वायर उलटी जोडली आहे. तुम्ही ती एक ओळ लिहिली नसती, तर आज हे पत्र तुम्हाला मैथिलीकडून आलं असतं, आणि वेगळंच.

पियुषने माझा मेन पाडला. मी पुन्हा टेस्टर लावला. काळा. पुन्हा लावला. काळा. मग चित्र काढलं, दोन रंगांच्या पेन्सिलींनी. पुर्जा हातात घेतला. आता टक वाजणार म्हणता, पण मला टक कुठून ऐकू येणार? मी तो तळहातावर धरला, बोटं लावली आणि दांडी हळूहळू फिरवली. आणि बोटाला लागलं! बारीकसं, मुंगीने लाथ मारावी तसं. जुना फिरवला तर नुसताच फिरत राहिला, मुका. त्यानंतर चिमट्या गच्च बसवल्या. इतक्या गच्च, की नखाचा तुकडा गेला.

हीटर लावला, बटन बावीसवर ठेवलं आणि समोर पुस्तक घेऊन बसले. पान उलटलं नाही. लाल दिवा पाहत होते. अर्ध्या तासाने तो आपोआप विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. असं चार वेळा झालं. पियुषही गिरणी सोडून पलंगावर बसून पाहत होता. शेवटी खालच्या बायकांनी त्याला ओढून नेलं.

आता दुसरं. मला सगळं कळलं आहे. पौर्णिमाबाईंना रागावू नका. फाडून टाका म्हटलेला कागद मी आयुष्यात कधी फाडला नाही, वर्गातसुद्धा नाही. मी तुम्हाला काय काय लिहिलं, 'तुमच्या हातांनी बसवा' लिहिलं, अक्षराचं कौतुक केलं, रुसलात म्हटलं. वाचतानाच लाज वाटली.

पुन्हा बोलावते. या. हाताने करायचं आता काही उरलेलं नाही. इथे माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊ. मुलांना आधी सांगायचं की नंतर, ते तुम्ही ठरवा. चहा मी दोन पेल्यांत अर्धा-अर्धा देईन, सांडला तर सांडला. माझा पलंग आधीच पिठाने भरला आहे.

मात्र मैथिलीला फार दिवस अंधारात ठेवू नका. ती भाकरीवरून रोज स्वतःला दोष देते.

तुमची,
चारुशीला


अमरावती
रविवार, ४ जानेवारी

ईनबाई,

पौर्णिमाशी मी दोन दिवस बोलली नाई. मंग हे पत्र लिहाले तीच लागते म्हणून बोलली. ती आता हे लिहिता लिहिता हासून राहिली.

टेस्टर जयला हे मी दोनदा वाचून घेतलं. मेनवर नावं लिहा. आजच लिहा.

खरं सांगते, मले डाक्टरचं भेव वाटते. माहा मामा असाच कापत होता. पहिले हात, मंग मान. घरच्यायनं त्याले खुर्चीत बसवला अन् जेवनाच्या टायमाले उचलला. नितेशले कळलं तं तो मले काहीच करू देनार नाई. तुमाले घर सोडनं नाई, मले काम सोडनं नाई. एकच दुखनं हाये.

मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं येते. घरी सांगतलं, ईनबाईचे गुडघे पाहाले जाते. मैथिली माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली. नितेश म्हणे, "आई, भांडाले तं नाई ना चालली?"

जमुना


अकोला
शुक्रवार, १६ जानेवारी

चि. मैथिली आणि चि. नितेशराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दहा दिवस रोज फोन करून 'सगळं ठीक ना' विचारता आणि आम्ही रोज 'ठीक' म्हणतो. आता सगळं लिहिते. बसून वाचा.

डिसेंबरात माझा हीटर बिघडला होता. पडदा जळता जळता वाचला. मी ते तुमच्यापासून लपवलं, जमुनाबाईंनी पत्रांतून मला दुरुस्ती शिकवली, आणि मैथिली, त्याचा पुर्जा तूच लाडवाच्या डब्यातून आणलास. म्हणून डबा ओढला होता. रक्त मात्र तू उगाच काढवलंस.

जमुनाबाईंच्या हाताला दिवाळीपासून कंप आहे. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आम्ही इथे डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, रेघा काढायला लावल्या, चालवून पाहिलं. त्या म्हणाल्या, ज्या आजाराची यांना भीती वाटते तो हा नाही. साधा कंप आहे. पूर्ण जाणार नाही, पण गोळीने कमी होईल. दहा दिवसांत थोडा कमी झालाही आहे. तिथून बाहेर पडल्यावर जमुनाबाईंनी रस्त्यावर गाडीवाल्याकडून सव्वा किलो बोरं घेतली आणि चालता चालता निम्मी संपवली. तेव्हा मला कळलं की या बाई महिनाभर धड जेवल्या नव्हत्या.

श्याम येऊन गेला. त्याला जमुनाबाईंनी दाराजवळचं बटन उघडायला लावलं आणि वायर सरळ करेपर्यंत चहा दिला नाही. जाताना तो यांच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी स्वतःच एक मिक्सर घेऊन आला, विचारायला. त्यानंतर गल्लीतल्या दोन इस्त्र्या आल्या. जमुनाबाई खुर्चीवरून सांगतात, मी उघडते. काल मी एक तार चुकीची लावली तर यांनी मला 'ढ' म्हटलं. मला तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

आता यांना तुम्हाला काही सांगायचं आहे. त्या सांगतील तसंच लिहिते, शुद्धलेखनासकट.

मैथिली, मी तुह्यावर रुसली नोती. भाकरी थापाले गेली की फाटे, अन् ते तुह्यासमोर फाटावं असं मले वाटे नाई. मी चूप बसली, तू सोताले दोष देत राह्यली. आपल्या दोघीइतक्या बह्याड बाया अमरावतीत नसन. मी घरी आली की पीठ तू मळ, अन् थापतानी माह्याजवळ बस. फाटली तं दोघी मिळून खाऊ.

नितेश, तू मले खुर्चीत बसवशीन म्हणून भेत होती. अथी खुर्चीतच बसून हाये अन् दिवसभर बोंबलून राहिली, तं काही वाईट नाई वाटत.

ईनबाईले अमरावतीले न्यायची गोठ आता काढू नोका. त्या गॅस विसरतात हे खरं हाये. पन विसरल्या की मी वरडते, अन् माहं वरडनं त्यायले ऐकू येते. (हे अतिशयोक्त आहे. – चारुशीला) अतिशयोक्त नाई. खालच्या गिरणीतबी ऐकू जाते. मी महिनाअखेरपर्यंत अथीच हाये.

रविवारी दोघंबी या. येतानी माह्या पलंगाखाली हिरवी पत्र्याची पेटी हाये, ती आना. तिच्यात माहे सगळे औजार हायेत, लहान स्क्रूड्रायव्हर, पकड, मीटर. अथी आमी भाजी चिराच्या सुरीनं स्क्रू खोलून राहिलो.

(पेटी नक्की आणा. सुरीचं टोक काल मोडलं, आणि सोमवारी पियुषच्या गिरणीची मोटार उघडायची आहे. – आई)